हाती आलेलं जुनं ॲप आणि लाइव्ह सर्व्हर: वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून यंदा आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार आला. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं वेब ॲप आपल्या गळ्यात पडलंय, लिहिणारा आता उपलब्ध नाही, रोजचं काम त्याच्यावर चालतं आणि त्यात बदल करायचाय. अशा पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतलेत. मिळत्याजुळत्या पत्रांना एकच उत्तर दिलंय.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळतो. पीएचपी (ज्या भाषेत ॲप लिहिलंय ती) जेमतेम येतं. ऑर्डर, चलन आणि बिलाचं ॲप ज्यांनी करून दिलं ते आता पुण्याला नोकरीला आहेत. माझ्याकडे सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पान) आणि एफटीपीचा (सर्व्हरवर फाइली चढवायच्या मार्गाचा) पासवर्ड एवढंच आहे. जीएसटीची मर्यादा बदलल्यापासून बिलं हाताने दुरुस्त करावी लागतात. मालक म्हणतात, कोडमध्येच बदल कर. सुरुवात कुठून करू?

कोड उघडण्याआधी चाव्या गोळा करा. डोमेन कुणाच्या ईमेलवर नोंदलंय, डीएनएस (डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडणारी नोंद) कुठे आहे, होस्टिंगचं बिल कोण भरतं, एसएमएस आणि पेमेंट गेटवेची खाती कुणाच्या नावावर आहेत, हे सगळं एका कागदावर उतरवा. डोमेन जुन्या डेव्हलपरांच्या खासगी ईमेलवर असेल तर आधी ते कारखान्याच्या ईमेलवर आणा. त्यांचे आणि तुमचे संबंध आज चांगले असतील, तर हे काम आजच सोपं आहे.

मग सर्व्हरवरचा सगळा कोड जसाच्या तसा उतरवून घ्या. हस्तांतराच्या वेळी मिळालेली झिप फाइल असेल तर तिच्यावर विसंबू नका. अशा ॲपमध्ये घाईघाईत थेट सर्व्हरवर केलेल्या दुरुस्त्या असतातच आणि त्या झिपमध्ये कधीच नसतात. लाइव्ह सर्व्हरवर आहे तोच खरा कोड. तो गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) घाला आणि पहिली कमिट, म्हणजे पहिली नोंद, काहीही न सुधारता करा. ‘बिल_न्यू’, ‘बिल_न्यू2’, ‘इंडेक्स_ओल्ड’ अशा फाइली दिसतील. त्या पुसायचा मोह आवरा, कारण त्यातली एखादी कुठल्या तरी बटणामागे अजून जिवंत असते. पासवर्डची कॉन्फिग फाइल आणि अपलोडचं फोल्डर गिटबाहेर ठेवा, पण त्यांचीही प्रत वेगळी घ्या. गिटचं लपलेलं फोल्डर ‘पब्लिक एचटीएमएल’मध्ये (साइट जिथून दिसते त्या फोल्डरमध्ये) जाऊ देऊ नका. ते ब्राउझरमधून वाचता आलं तर तुमचा कोड सगळ्या जगाला खुला होतो.

त्यानंतर डेटाबेस, म्हणजे बहुधा मायएसक्यूएल. डेटाबेस मोठा असेल तर पीएचपीमायॲडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) केलेला एक्स्पोर्ट मध्येच वेळ संपून तुटतो. फाइल तयार झालेली दिसते, पण शेवटची टेबलं त्यात नसतात. टर्मिनल मिळत असेल तर ‘मायएसक्यूएलडम्प’ ही डेटाबेसची प्रत काढणारी कमांड वापरा. ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय लावला की काम न थांबवता एकाच क्षणाचं चित्र मिळतं, पण फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांचं. जुन्या ॲपमध्ये मायआयसॅम प्रकारची टेबलं हमखास सापडतात. ती असतील तर ॲप थोडा वेळ बंद ठेवूनच प्रत घ्या, नाहीतर बिलाचं डोकं आलं आणि ओळी आल्या नाहीत असं होईल. ट्रिगर (डेटा बदलला की चालणाऱ्या सूचना) प्रतीत आपोआप येतात. स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारी कामं) मात्र ‘रूटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’ हे पर्याय दिल्याशिवाय येत नाहीत. काम पूर्ण झालं असेल तर फाइलच्या शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लिटेड’ असं लिहिलेलं असतं, ती ओळ बघाच. आणि ही फाइल त्याच सर्व्हरच्या भरत आलेल्या डिस्कवर बनवू नका. डिस्क भरली की मायएसक्यूएलचं लिहिणं थांबतं आणि बॅकअपच साइट पाडतो.

तो बॅकअप आपल्या संगणकावर पुन्हा उभा करा. पीएचपी आणि मायएसक्यूएलची आवृत्ती सर्व्हरवरचीच घ्या. सर्व्हरवर मायएसक्यूएलऐवजी तिच्यासारखीच मारियाडीबी असेल तर इथेही मारियाडीबी. ‘एसक्यूएल मोड’ही तोच ठेवा, कारण मायएसक्यूएल 5.7पासून कडक मोड मूळचाच चालू असतो आणि जुन्या क्वेऱ्या (डेटाबेसला केलेल्या विचारणा) त्यात अडतात. मग तीन गोष्टी तपासा: प्रमुख टेबलांतल्या ओळींची संख्या, शेवटचा बिल क्रमांक आणि मराठी नावं वाचता येतात का. नावांच्या जागी अगम्य अक्षरं दिसली तर बहुधा ॲप जोडणी करताना लॅटिन-1 कॅरेक्टर सेट (युरोपीय अक्षरांसाठीची जुनी पद्धत) वापरतंय आणि देवनागरी त्यातून आडवाटेने साठवलीय. ती ‘सुधारायला’ जाऊ नका. आहे त्याच सेटिंगने प्रत चालते का बघा. ती दुरुस्ती हे स्वतंत्र काम आहे, जीएसटीच्या बदलात ते मिसळू नये.

आता मूळ बदल. 22 सप्टेंबर 2025पासून तयार कापडी वस्तूंसाठी 5 टक्क्यांची मर्यादा नगामागे 1000 रुपयांवरून 2500 रुपयांवर गेली आणि त्यावरच्या मालाला 12ऐवजी 18 टक्के लागू झाले. कोडमध्ये 1000 शोधून 2500 केलं की झालं, असं वाटेल. तसं होत नाही.

दर कुठे कुठे लिहिलाय ते आधी शोधा. तो 5 असा असेल, 0.05 असेल, 1.05 असेल, सीजीएसटी-एसजीएसटीसाठी 2.5 असेल. पीएचपीत असेल, बिलाच्या पडद्यावरच्या जावास्क्रिप्टमध्ये वेगळा असेल आणि पीडीएफच्या साच्यात तिसऱ्यांदा असेल. एका ठिकाणी बदलला आणि दुसरीकडे राहिला तर पडद्यावर एक रक्कम दिसते आणि छापून दुसरीच येते.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. जुनं बिल उघडलं की कर साठवलेल्या आकड्यातून येतो की तेव्हाच्या तेव्हा पुन्हा मोजला जातो? पुन्हा मोजला जात असेल तर मर्यादा बदलताच गेल्या वर्षीची बिलंही बदललेली दिसतील आणि भरलेल्या विवरणपत्राशी ती जुळणार नाहीत. यावर उपाय दोन भागांत आहे. दरांचं वेगळं टेबल करा, त्यात ‘कधीपासून लागू’ ही तारीख ठेवा. आणि प्रत्येक बिलाच्या ओळीवर त्या वेळचा दर आणि कर कायमचा लिहून ठेवा. जुन्या बिलावरच्या परताव्याला कुठला दर लावायचा हे तुमच्या सीएंकडून लेखी घ्या आणि कोड त्याप्रमाणे करा.

तिसरी गोष्ट तुमच्या धंद्याची आहे. मर्यादा नगाची आहे आणि टॉवेल डझनावर विकला जातो. कोड डझनाचा दर 2500शी ताडत असेल तर 250 रुपयांच्या टॉवेललाही 18 टक्के लागतील. एकक कोणतं धरलंय ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बदल बरोबर झाला हे कसं कळणार? ॲपसोबत चाचण्या आलेल्या नसतातच, तेव्हा जुनी बिलंच चाचणी म्हणून वापरा. वीसेक बिलं अशी निवडा की राज्यातलं, राज्याबाहेरचं आयजीएसटीचं, निर्यातीचं, सवलतीचं, पैसे पूर्णांकात आणलेलं आणि परत आलेल्या मालाचं, असं प्रत्येक प्रकारचं बिल त्यात येईल. त्यांच्या पीडीएफ आत्ताच जपून ठेवा. बदलानंतर तीच बिलं संगणकावरच्या प्रतीत काढा. जुनी बिलं पैशापर्यंत जुळली पाहिजेत. नवी बिलं कॅल्क्युलेटरवर ताडा.

चढवताना फाइली एकेक करून एफटीपीने टाकू नका. झिप करून ती वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा, कॉन्फिग आणि अपलोड जागेवर आणा, मग चालू फोल्डरचं नाव बदलून नव्याला ते नाव द्या. जुनं फोल्डर बाजूला राहू द्या. काही बिघडलं तर नावं पुन्हा उलटी फिरवायची. ही उलटी फेरी आधी एकदा रिकाम्या वेळी करून बघा. मागे येण्याची वाट पाठ नसेल तर पुढे जाऊ नका.

प्रश्न: नव्या पेठेतल्या एका दुकानदाराच्या ऑर्डर ॲपचं काम माझ्याकडे आलंय. ऑर्डरच्या टेबलात एक कॉलम वाढवायला ‘ऑल्टर टेबल’ चालवलं आणि अख्खी साइट गोठली. टेबल फार मोठंही नाही. असं का झालं?

टेबलाच्या आकाराचा यात संबंध नसावा. ‘ऑल्टर’ला त्या टेबलाचं मेटाडेटा लॉक (टेबलाची रचना बदलण्याआधी घ्यावं लागणारं कुलूप) लागतं. कुणीतरी त्याच वेळी महिन्याचा रिपोर्ट काढत असेल, किंवा एखादं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का होणारा बदलांचा गट) उघडून तसंच राहिलं असेल, तर ‘ऑल्टर’ त्याच्यामागे थांबतं. आणि ‘ऑल्टर’ थांबलं की त्यानंतर आलेली प्रत्येक साधी क्वेरीसुद्धा ‘ऑल्टर’च्या मागे रांगेत उभी राहते. काही सेकंदांत सगळ्या जोडण्या संपतात. ‘शो प्रोसेसलिस्ट’ दिलं तर ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ अशा ओळींची माळ दिसते.

हे लॉक किती वेळ वाट बघेल ते ‘लॉक वेट टाइमआउट’ ठरवतं आणि मायएसक्यूएलमध्ये त्याची मूळ किंमत 31536000 सेकंद, म्हणजे एक वर्ष आहे. इनोडीबीचं त्याच्यासारख्या नावाचं सेटिंग 50 सेकंदांचं आहे, दोघांत गल्लत करू नका. ‘ऑल्टर’च्या आधी आपल्या सेशनपुरतं ते 5 सेकंदांवर आणा. लॉक मिळालं नाही तर ‘ऑल्टर’ चुकतं आणि साइट चालू राहते. अडवणारं ट्रान्झॅक्शन शोधा आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

मायएसक्यूएल 8.0.12पासून शेवटी कॉलम जोडणं तात्काळ होतं, 8.0.29पासून मध्ये जोडणंही. ‘अल्गोरिदम इन्स्टंट’ असं स्पष्ट लिहा. म्हणजे ते शक्य नसेल तेव्हा मायएसक्यूएल गुपचूप अख्ख्या टेबलाची नक्कल करायला न लागता चूक दाखवून थांबेल. कॉलमचा प्रकार बदलताना मात्र बहुतेक वेळा टेबलाची पूर्ण नक्कल होते, तेव्हा डिस्कवर तेवढी मोकळी जागा लागते. आणि मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या रचनेतला प्रत्येक बदल आपोआप कमिट, म्हणजे पक्का, होतो. पाच बदलांची एक मायग्रेशन (डेटाबेस बदलणारी स्क्रिप्ट) तिसऱ्यावर पडली तर पहिले दोन तसेच राहतात. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असे बदल बहुतांशी ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळता येतात, मायएसक्यूएलमध्ये नाही. म्हणून एका मायग्रेशनमध्ये एकच बदल ठेवा.

यापेक्षा महत्त्वाची आहे बदलांची क्रमवारी. कोड मागे घेता येतो. पुसलेला कॉलम मागे येत नाही. बॅकअपमधून आणला तर मधल्या तासांत आलेल्या ऑर्डरी जातात. म्हणून डेटाबेस असा बदला की जुना आणि नवा, दोन्ही कोड त्यावर चालतील.

समजा ‘पत्ता’ या एका कॉलममधून तालुका वेगळा काढायचाय. पहिल्या खेपेला फक्त रिकामा चालणारा ‘तालुका’ कॉलम जोडा. जुन्या कोडला त्याचा पत्ताही लागत नाही, पण याला एक अपवाद आहे. जुन्या ॲपमध्ये कॉलमची नावं न देता केलेले ‘इन्सर्ट’ (नवी ओळ घालणं) किंवा, नवा कॉलम मध्येच जोडला तर, ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम मागणं) करून तिसरा-चौथा म्हणून उचललेले कॉलम असतील तर ते मोडतात. आधी ते शोधा. दुसऱ्या खेपेला कोड दोन्हीकडे लिहू लागेल, पण वाचेल जुन्यातूनच. मग जुन्या ओळी भरा, प्राथमिक कीप्रमाणे (प्रत्येक ओळीच्या स्वतंत्र क्रमांकाप्रमाणे) हजार-हजारच्या तुकड्यांत आणि प्रत्येक तुकड्यानंतर क्षणभर थांबून. एकाच ‘अपडेट’ने लाखभर ओळी बदलल्या तर तेवढा वेळ त्या ओळी अडकतात. तिसऱ्या खेपेला वाचणं नव्यातून सुरू करा. प्रत्येक पायरीवर काही बिघडलं तर फक्त कोड मागे घ्यायचा, डेटाला हात लागत नाही. जुना भाग काढून टाकायचा तो एक अख्खा महिना, महिनाअखेरीच्या रिपोर्टांसकट, बिनबोभाट गेल्यावर. कॉलमचं नाव थेट बदलणं मात्र कधीच करू नका. नाव बदलण्याचा क्षण आणि नवा कोड चढण्याचा क्षण यांत फट राहतेच आणि त्या फटीत आलेली ऑर्डर बुडते.

प्रश्न: पंढरपूरच्या एका भक्त निवासाचं खोली-बुकिंगचं ॲप मी बघतो. अपडेट रात्री बारानंतर चढवावं असं सगळे सांगतात. बरोबर आहे का?

आमच्या मते नाही. रात्री बाराला चढवलेल्या अपडेटमधली चूक सकाळी सहाला पहिल्या भाविकाला सापडते आणि तेव्हा तुम्ही झोपेत असता. ॲक्सेस लॉगवरून (साइटच्या भेटींच्या नोंदीवरून) तासागणिक वर्दळ काढा. कमी गर्दीची, पण तुम्ही आणि भक्त निवासाचा व्यवस्थापक दोघंही जागे असाल अशी वेळ निवडा. मंगळवार ते गुरुवार, सकाळी किंवा दुपारी. शुक्रवारी संध्याकाळी नको, एकादशीच्या आदल्या दिवशी तर नकोच.

आषाढी आणि कार्तिकीच्या आधी दोन आठवड्यांपासून वारी उलटेपर्यंत नवं काही चढवू नका, फक्त अडलेलं काम सोडवणारी दुरुस्ती चढवा. हाच नियम सोलापुरातल्या दुकानदारांनी गड्ड्याच्या यात्रेच्या आणि संक्रांतीच्या दिवसांत पाळावा, मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या ॲपसाठी कांद्याची आवक जोरात असताना पाळावा. बिलाच्या ॲपला दर महिन्याची 11 आणि 20 तारीख टाळा, मासिक विवरणपत्रांची मुदत तेव्हा असते. 31 मार्च आणि 1 एप्रिललाही हात लावू नका. नव्या आर्थिक वर्षाची बिल क्रमांकाची मालिका त्याच रात्री सुरू होते आणि तो कोड वर्षातून एकदाच चालतो, त्यामुळे त्यातली चूक वर्षभर लपून राहिलेली असते.

सर्व्हरचं घड्याळ बघायला विसरू नका. ते यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल तर रात्री दोनचा म्हणून लावलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो. ॲपही तेच घड्याळ वापरत असेल तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात झालेल्या बुकिंगवर आदल्या दिवसाची तारीख पडते. हे दिसलं तरी त्याच अपडेटमध्ये दुरुस्त करू नका. जुन्या तारखांचं काय करायचं हे ठरल्याशिवाय घड्याळ हलवलं तर अर्धा डेटा एका वेळेत आणि अर्धा दुसऱ्या वेळेत पडतो.

आणि वीज. घरून किंवा दुकानातून सर्व्हरवर लॉगिन करून मायग्रेशन चालवत असाल तर ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’मध्येच चालवा. लाइट गेली, राउटर बंद पडला, तरी काम सर्व्हरवर चालू राहतं आणि पुन्हा जोडल्यावर तुम्हाला तिथूनच बघता येतं. साध्या जोडणीत तुटलं तर मायग्रेशनही अर्ध्यावर तुटतं.

प्रश्न: अपडेट चढवल्यावर काही ग्राहकांना जुनं पान दिसतं, काहींना कोरं पांढरं पान. मला मात्र सगळं नीट दिसतं. (जुळे सोलापूर)

तीन वेगळी कारणं एकत्र आलेली असू शकतात.

फाइली एफटीपीने जात असतील तर ती काही मिनिटं सर्व्हरवर अर्ध्या जुन्या आणि अर्ध्या नव्या फाइली असतात. नव्या पानाने जुन्या फाइलीत नसलेलं फंक्शन मागितलं की पांढरं पान. चूक पडद्यावर दाखवणं बंद असतं (आणि ते बंदच असावं), त्यामुळे कारण फक्त एरर लॉगमध्ये सापडतं. स्वतःचा व्हर्च्युअल सर्व्हर असेल तर प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘करंट’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) चालू आवृत्तीकडे वळवा. सिमलिंक जागेवर बदलणारी नेहमीची कमांड काही सर्व्हरवर आधी जुनी पुसते, मग नवी बनवते. त्याऐवजी नवी सिमलिंक दुसऱ्या नावाने बनवून ‘एमव्ही’ कमांडच्या मोठ्या ‘टी’ पर्यायाने जुनीवर आणा. ही अदलाबदल एका दमात होते.

दुसरं, पीएचपीची ओपकॅश (तयार कोड मेमरीत धरून ठेवणारी सोय). सिमलिंक फिरवली तरी पीएचपी जुन्या वाटेचा कोड देत राहू शकतं, कारण वाटा लक्षात ठेवण्याची त्याची मुदत मुळात 120 सेकंदांची आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये पीएचपीकडे वाट पाठवताना ‘डॉक्युमेंट रूट’ऐवजी ‘रिअलपाथ रूट’ वापरा, किंवा चढवल्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करा. ॲप लॅराव्हेल या पीएचपीच्या तयार चौकटीवर असेल तर पार्श्वभूमीला चालणारे क्यू वर्कर जुना कोड मेमरीत धरून बसलेले असतात, त्यांना ‘क्यू रीस्टार्ट’ द्यावंच लागतं. हे विसरलं की पान नवं दिसतं आणि ईमेल जुन्या साच्यातच जात राहतात. लॅराव्हेलमध्ये कॉन्फिग कॅश केल्यावर कोडमध्ये इतरत्र थेट ‘ईएनव्ही’ या सेटिंग वाचणाऱ्या फंक्शनने वाचलेली किंमत रिकामी येते. हाती आलेल्या कोडमध्ये तसं असेल तर ते आधी निस्तरा.

तिसरं ग्राहकाच्या ब्राउझरमधलं. जुनी जावास्क्रिप्ट तिथे साठलेली असते. फाइलच्या नावातच आवृत्ती घाला आणि जुनी फाइल पुढचे काही दिवस सर्व्हरवर राहू द्या, कारण सकाळपासून उघडं ठेवलेलं पान अजून तीच मागत असतं. तपासताना स्वतःच्या रोजच्या ब्राउझरवर विसंबू नका. खासगी खिडकीत, मोबाइलच्या नेटवर आणि साध्या ग्राहकाच्या लॉगिनने बघा. ॲडमिनला सगळं दिसतं म्हणून ग्राहकालाही दिसेल असं नाही.

प्रश्न: होस्टिंगवाले पीएचपी 5.6 बंद करणार म्हणतात. ॲप तसंच 8वर टाकलं तर?

बंद पडेल. पीएचपी 5.6चा सुरक्षा आधार 2018च्या अखेरीस संपला, तेव्हा हलायला हवंच. पण एका उडीत नको. आधी 7.4वर आणा, तिथे स्थिर झालं की 8वर. सबडोमेनवर प्रत उभी करा आणि सीपॅनेलमधून फक्त त्या सबडोमेनची आवृत्ती बदला.

धडधडीत मोडणाऱ्या गोष्टी सोप्या, कारण त्या लगेच दिसतात. जुनी ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ घराण्यातली फंक्शनं 7.0मध्ये गेली. कूटबद्ध करणारं ‘एमक्रिप्ट’ 7.2मध्ये गेलं. ‘ईच’ 8.0मध्ये गेलं. ‘नल’वर (काहीच नसलेल्या किमतीवर) ‘काउंट’ केलं तर 8मध्ये पान पडतं. खरी भीती न पडता चुकीचं उत्तर देणाऱ्या ओळींची. पीएचपी 7पर्यंत रिकामी अक्षरमाला आणि शून्य ही दोन समान चिन्हांच्या तुलनेत सारखी ठरत. 8मध्ये ठरत नाहीत. सवलतीचा रकाना रिकामा सोडलाय आणि कोड विचारतोय ‘सवलत शून्य आहे का’, तर उत्तर आता उलट येतं आणि बिल दुसऱ्याच वाटेने जातं. अशा तुलना शोधून हाताने तपासा. पहिल्या उत्तरातली जुन्या बिलांची पद्धत इथेही वापरा. सगळ्या सूचना एरर लॉगमध्ये जाऊ द्या आणि प्रत महिनाअखेरीच्या कामासकट चालवून मगच लाइव्हला हात लावा.

प्रश्न: इतकी डागडुजी करण्यापेक्षा सगळं नव्याने लिहिलं तर? (होटगी रोड)

आम्ही याला विरोध करू. जुन्या कोडमध्ये विचित्र दिसणाऱ्या अटी असतात. एका व्यापाऱ्याला वेगळा राउंड-ऑफ, एका गावाला वेगळं भाडं. त्या कुठेही लिहून ठेवलेल्या नसतात, फक्त कोडमध्ये असतात. नवं लिहिताना त्या सुटतात आणि ग्राहकाकडून एकेक कळतात. एकेक पान, एकेक रिपोर्ट नव्या कोडवर न्या, बाकीचं जुन्यावर चालू द्या. याला वेळ जास्त लागतो, पण कुठल्याही दिवशी थांबलात तरी हातात चालतं ॲप असतं.

प्रश्न: एसएमएसच्या मजकुरात फक्त ‘नमस्कार’ हा शब्द घातला. त्या दिवसापासून ग्राहकांना एसएमएसच जात नाहीत. लॉगमध्ये चूक नाही.

कोडमध्ये चूक नाहीच. व्यावसायिक एसएमएसचा साचा डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदवलेला असतो आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर मोबाइल कंपनी तो अडवते. गेटवेने ‘स्वीकारला’ म्हटलं म्हणजे पोहोचला असं नव्हे, पोहोचल्याचा अहवाल वेगळा येतो, तो साठवून बघत जा. तूर्त जुना मजकूर परत आणा. नवा साचा नोंदवा, मंजुरी आली की मजकूर आणि साचा क्रमांक दोन्ही एकाच वेळी बदला.

प्रश्न: चाचणीच्या प्रतीतून खऱ्या ग्राहकांना ‘तुमची ऑर्डर रद्द झाली’ असे ईमेल गेले. हे कसं रोखायचं?

लाइव्ह डेटाबेसची प्रत म्हणजे खरे ईमेल, खरे मोबाइल नंबर. प्रत उभी करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच, कुणी लॉगिन करण्याआधी, सगळे ईमेल आणि नंबर बदलून टाका. एवढ्यावर थांबू नका. चाचणीच्या सर्व्हरवर एसएमटीपी (ईमेल पाठवायची सेवा), एसएमएस आणि पेमेंटच्या खऱ्या किल्ल्या ठेवूच नका. किल्ली नसेल तर कोड कितीही चुकला तरी बाहेर काही जात नाही.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, तीही बघा. सीपॅनेलमधली यादी, सर्व्हरवर प्रत्येक वापरकर्त्याची यादी आणि ‘ईटीसी’खालच्या क्रॉनच्या फोल्डरांतल्या फाइली, तिन्ही जागा. बऱ्याचदा क्रॉनच्या ओळीत लाइव्ह साइटचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि ती ओळ चाचणीच्या सर्व्हरवर तशीच नकलून येते. मग रोजचा हिशेब लाइव्हवर दोनदा चालतो आणि व्याज दोनदा लागतं.

प्रश्न: होस्टिंगवाले रोज बॅकअप घेतात. तेवढं पुरेसं आहे ना?

नाही. तो बहुधा त्याच खात्यात असतो, म्हणजे खातं बंद झालं की बॅकअपही गेला. अपडेटआधी स्वतः एक प्रत घ्या, ती कूटबद्ध करून सर्व्हरबाहेर ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्यातली एक प्रत रिकाम्या संगणकावर उभी करून शेवटचं बिल उघडून बघा. त्याला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. साइट पडल्यावर मालकांचा पहिला प्रश्न तोच असतो.